रोशा

गवती चहाचे पान बोटांत चुरगळून त्याचा वास तुम्ही कधीतरी घेतला असेल. पावसाळ्यात अंगणातून दोन पाने तोडून आणायची आणि चहात टाकायची, ही पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. चुरगळलेल्या पानाचा वास बोटांना बराच वेळ राहतो. पान धुतले तरी वास जात नाही, कारण तो पानाच्या वर नसतो, आत असतो. पानाच्या पेशींत तेलाचे अगदी बारीक थेंब साठवलेले असतात. पान चुरगळले की पेशी फुटतात आणि तेल बाहेर येते.

या गवती चहाचे एक भावंड आपल्या खानदेशात रानोमाळ उगवते. त्याचे नाव रोशा. कोणी त्याला रोहिष म्हणतात, कोणी तिखाडी म्हणतात. युनानी हकीम 'इजखिर' नावाचे जे गवत औषधात वापरतात, तेही याच कुळातले. रोशाचा वास मात्र या सर्वांहून वेगळा आहे. रोशाच्या तेलाची बाटली उघडली, की पहिल्यांदा गुलाबाचीच आठवण होते.

धरणगाव हे बालकवी ठोंबरे यांचे जन्मगाव. कापसाच्या काळ्या जमिनीतले हे गाव. तेथे रोशा शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही, कारण त्याला खडकाळ उतार आवडतो. पण धरणगाव स्टेशनवर सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसा. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा मागे टाकून गाडी नंदुरबारला पोहोचते. तोपर्यंत सपाट शेते संपत आलेली असतात. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे दिसू लागतात. हा रोशाचा मुलूख. पावसाळ्यानंतर माणसाच्या उंचीएवढे गवत तेथे उभे राहते आणि त्याचे तुरे तांबूस होतात.

या गवताचे शास्त्रीय नाव 'सिंबोपोगॉन मार्टिनी' असे आहे. त्यातले मार्टिनी हे नाव लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून आले. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईच्या वेळी मार्टिन कंपनीच्या फौजेबरोबर दक्षिणेत गेले होते. तेथे त्यांनी पाहिले, की गुरे एक सुगंधी गवत आवडीने खातात आणि त्या गुरांच्या दुधालोण्यालाही तोच वास येतो. त्यांनी बी गोळा केले आणि लखनौला नेऊन पेरले. लढाईच्या धामधुमीत गुरांच्या चाऱ्याकडे लक्ष देणारा हा सेनापती मला तरी विलक्षण वाटतो.

आता तेल कसे काढत ते पाहू. १८८० साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. जिल्ह्याची सर्व माहिती देणाऱ्या त्या जाड ग्रंथात रोशा तेलाचे तपशीलवार वर्णन आहे. तेल काढणारे कारागीर मुसलमान होते आणि गवत कापून आणणारे भिल्ल होते. सप्टेंबरच्या सुमारास पाऊस ओसरला आणि गवत पांढरट दिसू लागले, की कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत आणि त्याच्या गंजी रचत. मग ते नाल्याच्या काठी भट्टी लावत. नाल्याचाच काठ का? कारण तेथे सरपणही जवळ मिळे आणि वाहते पाणीही मिळे. या कामाला दोन्ही लागत.

जमिनीत चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून चूल तयार करत. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी देग ठेवत. तीत तीस ते पन्नास घागरी पाणी मावे. आधी थोडे पाणी ओतायचे, मग चिरलेले गवत काठोकाठ भरायचे आणि पुन्हा थोडे पाणी घालायचे. देगेवर धातूचे झाकण ठेवून कडा गव्हाच्या कणकेने लिंपून टाकत. बिर्याणीच्या देगेला 'दम' देताना घरची माणसे झाकणाला कणीक लावतात, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच हे. झाकणाला एक भोक असे. त्यात बांबूची नळी बसवत. नळीवर कापड गुंडाळत, त्यावर उडदाच्या पिठाचा लेप देत आणि वरून दोरीने आवळून बांधत. नळीचे दुसरे टोक दुसऱ्या बंद देगेत जाई. ही दुसरी देग वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेली असे.

खाली जाळ पेटला की पाणी उकळे. वाफ गवतातून वर चढे, पानांतले तेल बरोबर घेई आणि नळीतून दुसऱ्या देगेत शिरे. तेथे बाहेरच्या थंड पाण्यामुळे वाफेचे पुन्हा पाणी होई. वाफ पुरेशी भरली, की ती देग हलू लागे. देग हलली म्हणजे कारागिराने समजायचे, की ती बदलण्याची वेळ झाली. मोठ्या हुशारीने तो नळी काढून तिसऱ्या देगेला जोडी. भरलेली देग निवली की तेल पाण्यावर तरंगे. ते हातांनी अलगद काढून घेत. रात्रंदिवस जाळ घातला, तर एका भट्टीतून साधारण एक शेर, म्हणजे दोन पौंड तेल मिळे.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. रोशाच्या तेलातला मुख्य पदार्थ सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळतो. पाणी तर १०० अंशांनाच उकळते. मग तेल वर आले कसे? याचे उत्तर असे, की एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, तर दोघांच्या वाफेचा दाब एकत्र मिळून काम करतो. त्यामुळे १०० अंशांच्याही थोडे खालीच दोघांची वाफ बरोबर निघू लागते. तेलाला फारशी उष्णता लागत नाही आणि ते करपत नाही. हे शास्त्र पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी ही युक्ती कारागिरांच्या हातांत होती. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी अशा अर्कांवर ग्रंथ लिहिला होता. 'अर्क' आणि 'अत्तर' हे तुमच्या उर्दूतले शब्द मराठीतही रुळले आहेत. अर्क काढण्याच्या भांड्याचे 'अंबीक' हे अरबी नाव तर युरोपच्या भाषांतही गेले.

गॅझेटियर सांगते, की १८७९-८० साली खानदेशात अशा १९७ भट्ट्या चालू होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या मापाने ३६०० किलोग्रॅम तेल निघाले. बहुतेक भट्ट्या पिंपळनेर भागात होत्या. थोड्या नंदुरबार, शहादा आणि तळोदा येथे होत्या. बैलांच्या पाठीवर लादून हे तेल कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई. आज धुळे–सुरत महामार्गावरच्या मोटारी तोच घाट उतरतात.

सुरत आणि मुंबईच्या बंदरांतून तेल तांबड्या समुद्राकडे आणि पुढे इस्तंबूलला जाई. तेथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. तुर्की भाषेत याग म्हणजे तेल. तुर्कांना हे तेल कशाला हवे होते? गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! त्या काळी तुर्की साम्राज्यात असलेल्या बल्गेरियाच्या खोऱ्यात गुलाबाची मोठी शेती होती. तेथे पाकळ्या भट्टीत घालण्याआधी काही लोक त्यांच्यावर आपले रोशाचे तेल शिंपडत. गुलाबाच्या अत्तराच्या मानाने रोशाचे तेल फारच स्वस्त. वासात इतके साम्य, की भल्याभल्यांची फसगत होई. सातपुड्याचे गवत असे गुलाब बनून श्रीमंतांच्या रुमालावर जाऊन बसे.

वास सारखा का, हे कोडे एका रसायनशास्त्रज्ञाने उलगडण्याच्या मार्गावर आणले. युरोपच्या बाजारात रोशाच्या तेलाला चुकीने 'भारतीय जिरॅनियम तेल' म्हणत. जिरॅनियम हे एक निराळेच फुलझाड आहे. १८७१ साली जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर जेकबसेन यांनी या तेलातून एक द्रव पदार्थ शुद्ध रूपात वेगळा केला. तेलाच्या बाजारी नावावरून त्यांनी त्याला 'जिरॅनिऑल' म्हटले. म्हणजे पदार्थ निघाला आपल्या गवतातून आणि नाव मिळाले भलत्याच झाडाचे! पुढे गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल सापडले. खऱ्या जिरॅनियमच्या तेलातही सापडले. रोशाच्या चांगल्या तेलात तर शंभर भागांपैकी पंचाहत्तर ते पंच्याऐंशी भाग जिरॅनिऑलच असते.

जिरॅनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलातुपात सहज मिसळतो. हा गुण लक्षात ठेवा. त्याची औषधी शक्ती आणि त्याचा धोका, दोन्ही यातूनच येतात.

वनस्पती हा पदार्थ आपल्यासाठी तयार करत नाही. तिला पळता येत नाही. किडे आले, बुरशी आली, तर जागेवरच उभे राहून तोंड द्यावे लागते. पानांतले सुगंधी तेल हे तिचे हत्यार आहे. पण गंमत अशी, की एकाला जो वास नकोसा होतो, तो दुसऱ्याला बोलावणे ठरतो. कामकरी मधमाशीच्या शेपटाजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातून जो वास सुटतो, त्यात जिरॅनिऑल असते. पोळ्याच्या तोंडाशी बसून माशी पंखांनी वारा घालते आणि हा वास पसरवते. वाट चुकलेल्या माश्या त्या वासावर घरी येतात.

आता औषधाकडे वळू. जुने लोक सांधे दुखत असले की रोशाचे तेल दुसऱ्या तेलात मिसळून चोळत. चोळल्याने ऊब येते आणि बरे वाटते, यात खोटे काही नाही. पण शास्त्रज्ञांना त्याहून अधिक जाणून घ्यायचे होते. त्यांनी काचेच्या बशीत जंतू वाढवले आणि त्यांवर जिरॅनिऑल घालून पाहिले. अनेक जातींचे जंतू आणि बुरशी त्याने मरतात किंवा त्यांची वाढ थांबते, असे दिसले. गजकर्णाच्या बुरशीवर रोशाच्या तेलाचाही असा परिणाम दिसला आहे. गजकर्ण म्हणजे उर्दूत ज्याला तुम्ही 'दाद' म्हणता तो त्वचेचा रोग.

हे घडते कसे? प्रत्येक जंतूभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. तो मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. आतले क्षार आत ठेवणे आणि नको ते बाहेर ठेवणे, हे त्याचे काम. जिरॅनिऑल स्निग्ध पदार्थात मिसळते, हे आपण आत्ताच पाहिले. म्हणून ते या पडद्यात घुसते. पडदा सैल पडतो आणि आतले क्षार पाझरून बाहेर येतात. फाटक्या पखालीत पाणी राहत नाही, तसे जंतूच्या शरीरात जीवनरस राहत नाही. १९८८ साली अमेरिकेत तोंडात व त्वचेवर वाढणाऱ्या कँडिडा नावाच्या बुरशीवर प्रयोग झाले. त्यांत जिरॅनिऑल हा पडदाच बिघडवते, असे दिसून आले.

याहून महत्त्वाचा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक औषधे वारंवार आणि अर्धवट घेतल्यामुळे काही जंतू आता त्यांना दाद देत नाहीत, हे तुम्ही ऐकले असेल. अशा जंतूंच्या पडद्यात जणू पंप बसवलेले असतात. औषध आत आले की ते पंप त्याला बाहेर फेकतात. भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावरच्या एका सुगंधी वनस्पतीचे तेल शास्त्रज्ञ तपासत होते. त्यांना आढळले, की त्यातले जिरॅनिऑल या पंपांच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे क्लोरॅम्फेनिकॉल हे जुने औषध त्या जंतूंवर पुन्हा चालू लागले. जिरॅनिऑलने येथे स्वतः जंतू मारले, असे नाही. त्याने औषधाला आत टिकू दिले.

हे वाचून तुम्हांला वाटेल, की मग रोशाच्या तेलाची बाटली आणावी आणि सर्व रोगांवर लावावी. येथेच थांबायला हवे.

समजा, तुमच्या धाकट्या बहिणीच्या मानेवर गजकर्णाचा गोल चट्टा उठला आहे. शेजारच्या खालाजान म्हणतात, "रोशाचं तेल लाव, चार दिवसांत जाईल." तुम्ही काय कराल? काचेच्या बशीत बुरशी उघडी असते आणि तिच्यावर तेल किती पडले, ते मोजलेले असते. मानेवर बुरशी त्वचेच्या थरात शिरलेली असते. तेल हवेत उडून जाते. बुरशीपर्यंत किती पोहोचले, ते कोणी मोजत नाही. शिवाय जो पदार्थ बुरशीच्या पडद्यात घुसतो, तो आपल्या त्वचेतही घुसतो. आपल्या पेशींचे पडदेही स्निग्धच असतात ना! जिरॅनिऑलमुळे काही जणांच्या त्वचेला खाज सुटते, लाल पुरळ उठते. म्हणूनच २००३ साली युरोपीय संघाने अशा २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली. त्यांपैकी एखादे द्रव्य ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर साबणाच्या किंवा क्रीमच्या वेष्टनावर त्याचे नाव छापलेच पाहिजे, असा नियम केला. त्या यादीत जिरॅनिऑल आहे. घरातल्या साबणाचे वेष्टन बारीक अक्षरांसकट वाचून पाहा, हे नाव कदाचित तुम्हांलाही सापडेल.

तर बहिणीला त्वचेच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी दवाखान्यात न्यावे, हे बरे. आणि खालाजानना नाराज न करता हेही सांगावे, की दुकानातून मनानेच आणलेले खाजेचे मलमसुद्धा लावू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज लगेच थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. आपल्या देशात गजकर्ण अलीकडे इतके चिवट झाले आहे, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

कोणतेही सुगंधी तेल पिऊ तर मुळीच नये. लहान मुले वासाला भुलून बाटली तोंडाला लावतात. असे झाले तर मुलाला उलटी करवू नका. उलटी होताना तेल श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाऊ शकते, आणि ते पोटातल्या तेलापेक्षा अधिक घातक असते. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

डासांना जिरॅनिऑलचा वास आवडत नाही, हे मात्र खरे आहे. डास पळवणाऱ्या काही औषधांत ते घालतात. पण ज्या गुणामुळे त्याचा वास खोलीभर पसरतो, त्याच गुणामुळे ते लवकर उडून जाते. थोड्या वेळाने डास परत येतात. हिवताप आणि डेंग्यूच्या दिवसांत सुगंधावर विसंबून मच्छरदाणी गुंडाळून ठेवणे परवडणारे नाही.

खानदेशातल्या त्या भट्ट्यांचा जुना जोर पुढे राहिला नाही. विसाव्या शतकात पाइन वृक्षाच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागले. त्याचा रेणू गवतातल्या रेणूसारखाच, तोच आकार आणि तेच अणू. आज साबणात आणि अत्तरात पडणारे बरेचसे जिरॅनिऑल असे कारखान्यातून येते. तरी रोशाच्या तेलाला मागणी आहे, कारण त्यात जिरॅनिऑलबरोबर आणखी काही द्रव्ये असतात आणि त्यांनी वासाला गोडवा येतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने रोशाच्या सुधारित जाती तयार केल्या आहेत. काही शेतकरी आता त्याची शेतात लागवड करतात. जंगलात रोशाचे दोन प्रकार मिळतात, मोतिया आणि सोफिया. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच. मोतियाचे तेल जिरॅनिऑलने भरलेले, तर सोफियाच्या तेलात ते कमी आणि वासही उग्र. जुने कारागीर नाकानेच ते ओळखत.

गुलाबाच्या अत्तरात रोशा मिसळणाऱ्यांप्रमाणे रोशाच्या तेलात शेंगदाण्याचे तेल आणि रॉकेल मिसळणारेही निघाले. तुमच्याकडे रोशाचे तेल आले, तर एक परीक्षा करून पाहा. पांढऱ्या कागदावर त्याचा एक छोटा थेंब टाका. शेजारी शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका. कागद एक-दोन दिवस उन्हात ठेवा. शेंगदाण्याच्या तेलाचा तुपकट डाग तसाच राहील. रोशाचे तेल शुद्ध असेल, तर उडून जाईल. रॉकेलही उडून जाते, म्हणून त्याची भेसळ या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत जा. परीक्षानळीत सत्तर टक्के स्पिरिट घेऊन त्यात तेलाचे दोन-तीन थेंब टाकायला सरांना सांगा. शुद्ध रोशा त्यात विरघळतो आणि नळी स्वच्छ राहते. रॉकेल असेल, तर नळी लगेच गढूळ होते.